जॉन किन्सेला यांच्या सिंफनी ऐकायच्या कशा: बारा स्वरांच्या ओळीत स्वरकेंद्र शोधण्याची रीत

डब्लिनचे संगीतकार जॉन किन्सेला (१९३२–२०२१) यांच्या नावावर ११ सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना, आहेत. पहिली १९८४ची, म्हणजे पन्नाशी उलटल्यावरची. त्याआधी, १९६० आणि ७०च्या दशकांत, ते युरोपातल्या नवसंगीताच्या वाटेने बारा स्वरांच्या सीरियल पद्धतीत, म्हणजे सप्तकातले बाराही स्वर एका ठरवलेल्या क्रमाच्या 'ओळी'त मांडून, लिहीत होते. १९७७च्या तिसऱ्या स्ट्रिंग क्वार्टेटनंतर त्यांची लेखणी काही काळ थांबली. १९७९मध्ये आयरिश कवी पॅट्रिक पिअर्सच्या कवितेवर आधारलेली 'द वेफेअरर' ही वाद्यवृंदाची रॅप्सडी, म्हणजे मोकळ्या बांधणीची रचना, आली आणि तिथून पुढे त्यांच्या संगीतात टोनॅलिटी, म्हणजे बाकीचे स्वर ज्याच्याकडे ओढले जातात असं स्वरकेंद्र, पुन्हा दिसू लागली.

या वळणाला सर्रास 'टोनॅलिटीकडे परतणं' म्हणतात, आणि श्रोता फसतो तो इथेच. परतणं म्हटलं की तो ओळखीची चाल, मेजर-मायनरची ठरीव ये-जा, सुरेल समारोप शोधू लागतो. हे सापडलं नाही की 'कुठे आहे टोनॅलिटी?' म्हणून हेडफोन काढून ठेवतो. किन्सेलांनी बारा स्वरांची ओळ टाकून दिली नाही. ओळीची मांडणीच अशी केली की तिच्यातून एखाद-दुसऱ्या स्वराकडे ओढ निर्माण व्हावी. त्यामुळे कानाने चाल शोधायची नाही. खर्जात कोणता स्वर ठाण मांडून बसला आहे, किती वेळ बसला आहे आणि त्याला उठवतं कोण, एवढंच शोधायचं. त्याची रीत खाली दिली आहे. पेटी थोडीफार वाजवता येत असेल तर दोन-तीन बैठकांत जमते.

आधी ऐकण्याची सोय

फोनच्या किंवा लॅपटॉपच्या स्पीकरवर हे काम होणार नाही. डबल बेसचा सर्वांत खालचा नेहमीचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो, चेलोचा सुमारे ६५ हर्ट्झचा. फोनचा छोटा स्पीकर साधारण २०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका असतो. मेंदू वरच्या उपस्वरांवरून खालचा स्वर काही प्रमाणात भरून काढतो, पण वर पितळी वाद्यं जोरात असली की तेही जमत नाही. स्वरकेंद्र धरणारी वाद्यं अशी गळून पडली की केंद्र असलेलं संगीतही निराधार वाटतं. 'मला यात काही टोनल ऐकूच आलं नाही' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा संगीतात नसतं, स्पीकरमध्ये असतं. कान पूर्ण झाकणारे साधे तारवाले हेडफोन पुरेसे आहेत. बेस वाढवणारी सेटिंग मात्र बंद ठेवा. ती खर्जातले सगळेच स्वर सारखे फुगवते, आणि आपल्याला त्यांच्यातला फरक हवा आहे.

ॲपमध्ये शफल बंद करा आणि क्रॉसफेडही. क्रॉसफेड एका भागाचा शेवट पुढच्या भागाच्या सुरुवातीवर चढवतो. मग जो संघर्ष संगीतकाराने लिहिलाच नाही तो ऐकू येतो, आणि शेवटचा खर्ज, म्हणजे सगळ्यांत मोलाचा पुरावा, झाकला जातो. आवाज आपोआप समान करणारी सेटिंगही काढा.

पेटी किंवा की-बोर्ड हवा, आणि तानपुरा ॲप. पेटी नैसर्गिक स्वरांत, म्हणजे गांधार ट्यूनिंगमध्ये जुळवलेली असेल तर ती बाजूला ठेवून साधा की-बोर्ड घ्या. तशा पेटीवर काही पट्ट्यांतले पंचम आणि गांधार बेसूर लागतात, आणि पुढच्या प्रयोगात दोष पेटीचा असताना तो ओळीच्या माथी मारला जातो. पेटीचा कपलर बंद, ड्रोनच्या खुंट्याही बंद.

वाद्यवृंद सहसा ४४० ते ४४२ हर्ट्झच्या दरम्यान जुळवलेला असतो. ॲप ४४०वर ठेवून सुरुवात करा. ध्वनिमुद्रण जरा चढं वाटलं तर ८ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) वर न्या, म्हणजे ४४२ होईल.

स्वरांची नावं या लेखात मुद्दाम पट्टीनुसार दिली आहेत: पांढरी एक म्हणजे सी, पांढरी दोन म्हणजे डी, काळी चार म्हणजे जी शार्प, याप्रमाणे. सा-रे-ग वापरलं असतं तर एका स्वराला आधीच घरधन्याचा मान मिळाला असता, आणि इथे घरधनी कोण हेच तर ठरवायचं आहे.

दोन ओळी, एक कान

आधी अशी ओळ वाजवा जिच्यात कुठेच टेकू नाही. ठोका ६०चा, प्रत्येक स्वराला एक मात्रा, सगळे स्वर एकाच सप्तकात, सारख्या जोराने:

पांढरी १, पांढरी ७, काळी २, पांढरी ३, काळी ५, पांढरी ६, काळी १, पांढरी २, काळी ४, पांढरी ५, पांढरी ४, काळी ३.

शेजारच्या कोणत्याही दोन स्वरांत षड्ज-पंचम किंवा षड्ज-मध्यमाचं नातं नाही, आणि लागोपाठच्या कोणत्याही तिघांतून मेजर किंवा मायनर कॉर्ड तयार होत नाही. दोन-तीनदा वाजवून कुठेही थांबा. कोणताही स्वर 'आता पुरे' म्हणणार नाही.

आता दुसरी:

पांढरी २, पांढरी ६, पांढरी ४, पांढरी ५, पांढरी ३, पांढरी १. श्वासभर थांबा. काळी ४, काळी २, पांढरी ७, काळी १, काळी ५, काळी ३.

हीही बारा स्वरांचीच ओळ आहे, एकही स्वर पुन्हा आलेला नाही. पण पहिल्या सहातले पहिले तीन म्हणजे डी मायनर कॉर्ड, पुढचे तीन म्हणजे सी मेजर. उत्तरार्ध हा पूर्वार्धच आहे, फक्त सहा अर्धस्वर वर नेलेला. त्यामुळे तिथे जी शार्प मायनर आणि एफ शार्प मेजर मिळतात. एकाच ओळीत दोन केंद्रं, तीही एकमेकांपासून सर्वांत दूर: डी आणि जी शार्प, म्हणजे सा आणि तीव्र मध्यम. किन्सेलांच्या ओळींविषयी बोलताना 'दोन केंद्रांचं द्वैत' हा मुद्दा येतो, तो अशा मांडणीतून समजतो. ही ओळ सरावासाठी बनवली आहे, त्यांच्या कोणत्याही सिंफनीतली नाही. त्यांच्या ध्वनिमुद्रणात ती शोधत बसू नका.

आता तानपुरा लावा, पांढरी दोनमध्ये, पंचमाचा. पेटीवर एक हात भात्यावर अडकलेला असतो, म्हणून खर्ज ॲपकडून घ्यायचा. की-बोर्ड असेल तर डाव्या हाताने खालचा डी धरा. या तानपुऱ्यावर पूर्वार्ध वाजवलात की सा, प, कोमल ग, म, रे, कोमल नी असे स्वर मिळतात: धैवत वगळून काफीचे स्वर. कान लगेच निवांत होतो. उत्तरार्धात तीव्र म, कोमल रे, शुद्ध ध, शुद्ध नी, कोमल ध, शुद्ध ग येतात आणि तानपुरा बोचू लागतो.

मग तानपुरा काळी चारमध्ये न्या आणि तीच ओळ तशीच वाजवा. चित्र तंतोतंत उलटतं. पूर्वार्ध उपरा, उत्तरार्ध घरचा. स्वर तेच, क्रम तोच, पण गोष्ट उलटी. हा प्रयोग घाईत उरकू नका, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

तिसरा प्रकार थोडा अवघड आहे, पण सिंफनीच्या सर्वांत जवळचा. तानपुऱ्याऐवजी की-बोर्डवर खर्ज धरा. पूर्वार्धाच्या सहा मात्रा डी. उत्तरार्ध सुरू झाला तरी डी सोडू नका, आणखी तीन मात्रा तसाच धरा. वर जी शार्प, डी शार्प, बी होऊन जातात. दहाव्या मात्रेला, वर सी शार्प येताना, खर्ज जी शार्पवर न्या. वरचे स्वर आधी पळून गेले, जमीन मागून सरकली. केंद्र बदलल्याचा धक्का नेमका या उशिरामुळे बसतो. खर्ज सातव्या मात्रेलाच बदलून पाहा: बदल होतो, पण तो नुसता पट्टी बदलल्यासारखा सपाट वाटतो.

इथे एक चूक हमखास होते. आपला कान रागाला सरावलेला असल्यामुळे पूर्वार्धात काफीची चलनं सुचू लागतात आणि बोटं स्वरांना कण-मींड देऊ लागतात. तसं करू नका. मींड दिली की मधले स्वर ऐकू येतात आणि ओळीची रचना पुसली जाते. शिवाय रागात सा बैठक संपेपर्यंत हलत नाही. इथे सा हलतो, आणि हलतो म्हणूनच सिंफनी पुढे सरकते.

ओळ न बदलता एखाद्या स्वराला वजन देण्याच्या आणखी युक्त्या आहेत, त्याही करून पाहा: डीला तीन मात्रा द्या आणि बाकीच्यांना एक, बारा स्वर पुरे होण्याआधीच डी पुन्हा घ्या, डी सर्वांत खालच्या सप्तकात आणि इतर स्वर वर घ्या, प्रत्येक फेरी डीवर संपवा. कडक सीरियल पद्धतीत ओळ संपेपर्यंत स्वर पुन्हा घेणं टाळतात, त्याचं कारण हेच: परतून आलेला स्वर लगेच यजमान होऊन बसतो. नियम कुठे सैल सोडायचा हे कळलं की ओळ टाकून देण्याची गरज उरत नाही.

कान लावून घ्या: तीन कृती

किन्सेलांकडे वळण्यापूर्वी तीन जुन्या कृती ऐका.

पहिली, सिबेलियसची सातवी सिंफनी, १९२४ची, एकसलग, साधारण २० ते २२ मिनिटांची. किन्सेलांवर सिबेलियसचा प्रभाव स्पष्ट आहे, म्हणून ही निवड. तिच्यात ट्रोम्बोनची एक मोठी धून तीन वेळा येते, आणि तिन्ही वेळा केंद्र सी. तीन आगमनांच्या वेळा टिपून ठेवा, प्रत्येक वेळी ध्वनिमुद्रण थांबवून पांढरी एकशी ताडून पाहा. तिन्ही सापडले तर हेडफोन, ॲप आणि कान तिन्ही ठीक आहेत. एकच सापडला तर पुढे जाऊ नका, दुसऱ्या वाद्यवृंदाचं मुद्रण घेऊन पुन्हा ऐका. वरची तंतुवाद्यं लगबगीत आणि खाली स्वर संथ, हा सिबेलियसचा खाक्या इथे कानात मुरला की पुढे फार उपयोगी पडतो.

दुसरी, वेबर्नची सिंफनी, ओपस २१, १९२८ची, दहाएक मिनिटांची. इथे डबल बेस मुळात नाहीच. क्लॅरिनेट, बेस क्लॅरिनेट, दोन हॉर्न, हार्प आणि मोजकी तंतुवाद्यं. खर्जात टेकू शोधा आणि तो मिळत नाही म्हणजे काय वाटतं ते लक्षात ठेवा.

तिसरी, आल्बान बेर्गचा व्हायोलिन कन्चेर्तो, १९३५चा. त्याची ओळ पेटीवर वाजवण्याजोगी आहे: पांढरी ५, काळी ५, पांढरी २, काळी ३, पांढरी ६, पांढरी १, पांढरी ३, काळी ४, पांढरी ७, काळी १, काळी २, पांढरी ४. जी मायनर, डी मेजर, ए मायनर, ई मेजर हे कॉर्ड एकात एक गुंफले आहेत आणि शेवटचे चार स्वर एकेका पूर्णस्वराच्या अंतराने चढतात. व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा, जी-डी-ए-ई, याच ओळीत बसवल्या आहेत. ओळ आणि टोनॅलिटी यांचं वैर नाही हे बेर्गने १९३५मध्येच दाखवलं होतं. त्यामुळे किन्सेलांनी १९८०च्या दशकात 'माघार घेतली' असं म्हणणाऱ्याला ही ओळ वाजवून दाखवावी.

किन्सेलांची मुद्रणं शोधताना

नावाचा घोळ आधी टाळा. जॉन किन्सेला नावाचे एक ऑस्ट्रेलियन कवीही आहेत आणि शोधात तेच पहिले येतात. शिवाय आयरिश कवी थॉमस किन्सेला वेगळे. शॉन ओ रिआडा या संगीतकाराच्या स्मरणार्थ थॉमस यांनी लिहिलेली कविता जॉन यांनी १९७३मध्ये संगीतबद्ध केली, त्यामुळे दोन्ही नावं एकाच पानावर दिसतात. रोमन लिपीत पूर्ण नाव, 'सिंफनी' आणि क्रमांक, तिन्ही एकत्र टाका.

वाद्यवृंदाचं नावही बदलत गेलं आहे. आधी आरटीई सिंफनी ऑर्केस्ट्रा, १९९०च्या दशकात नॅशनल सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ आयर्लंड, पुढे आरटीई नॅशनल सिंफनी ऑर्केस्ट्रा, आणि जानेवारी २०२२पासून नॅशनल कॉन्सर्ट हॉलच्या छत्राखाली नॅशनल सिंफनी ऑर्केस्ट्रा. परंपरा एकच. आरटीई ही आयर्लंडची सार्वजनिक प्रसारण संस्था. कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगचं काम सोडून किन्सेला १९६८मध्ये तिथे आले, १९८०च्या दशकात संगीत विभागाचे प्रमुख झाले आणि १९८८मध्ये पूर्ण वेळ रचनेसाठी बाहेर पडले. सिंफनींची खरी रांग त्यानंतर लागते. (प्रोग्रॅमर होते म्हणून संगीत कोरडं असेल असा तर्क लढवू नका.)

मार्को पोलो या लेबलवर तिसरी 'जुआ द व्हिव्र' आणि चौथी 'द फोर प्रॉव्हिन्सेस' एकत्र मिळतात, वाद्यवृंद संचालक प्रोइन्शस ओ डिन. आरटीई लिरिक एफएमच्या लेबलवर सहावी आणि सातवी. टोकाटा क्लासिक्सवर पाचवी आणि दहावी.

क्रम आकड्यांचा ठेवू नका. सुरुवात दहावीने (२०१०) करा. ती आयरिश चेंबर ऑर्केस्ट्रासाठी, छोट्या वाद्यवृंदासाठी लिहिली आहे. पितळी वाद्यांची भिंत मध्ये येत नाही, खर्ज मोकळा ऐकू येतो. मग तिसरी आणि चौथी, मग सहावी आणि सातवी. पाचवी शेवटी. नववी (२००४) फक्त तंतुवाद्यांसाठी आहे. ती कुठे ऐकायला मिळाली तर दहावीच्या लगेच नंतर घ्या: टिंपनी (नगाऱ्यासारखी तालवाद्यं) नाही, हॉर्न नाही, म्हणजे खर्जाची सगळी भिस्त चेलो आणि डबल बेसवर.

पाचवी शेवटी का? तिचं नाव 'द १९१६ पोएम्स'. बॅरिटोन गायक, निवेदक आणि वाद्यवृंद. कविता जोसेफ मेरी प्लंकेट, थॉमस मॅकडोना आणि पॅट्रिक पिअर्स यांच्या. तिघांनाही ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या ईस्टरच्या उठावानंतर मे १९१६मध्ये डब्लिनच्या किल्मेनम तुरुंगात गोळ्या घालण्यात आल्या. शब्दांचं ओझं इतकं आहे की कान अर्थाकडे ओढला जातो आणि कवितेतला विसावा हाच संगीतातला विसावा वाटू लागतो. निवेदकाच्या बोलण्यालाही नकळत एक पट्टी असते, ती खर्जाच्या नोंदीत घुसते. या सिंफनीत निवेदन चालू असतानाच्या नोंदी वेगळ्या खुणेने लिहा आणि त्यांना निम्मंच वजन द्या.

चौथीबद्दल एक इशारा. 'चार प्रांत' म्हणजे अल्स्टर, मन्स्टर, लिन्स्टर आणि कॉनॉक्ट. नावावरून जिग-रीलची, म्हणजे आयरिश नाचाच्या चालींची, अपेक्षा ठेवाल तर निराशा पदरी पडेल. इथलं केंद्र लोकगीतातून उसनं आणलेलं नाही.

तक्ता

पहिल्या ऐकण्यात हातात पेन घेऊ नका. सलग ऐका, मध्ये थांबू नका. दुसऱ्या ऐकण्याला पाच रकान्यांचा कागद घ्या: वेळ, खर्जातला स्वर, वाद्य, किती सेकंद टिकला, खात्री १ ते ३.

पाच सेकंदांहून कमी टिकलेला खर्ज लिहू नका. हा आकडा कुठल्या शास्त्रातला नाही, पण त्याखाली गेलात तर कागद भरतो आणि हाती काही लागत नाही. जलद भागात तीन सेकंदांपर्यंत खाली या.

थांबवल्यावर आधी स्वर गुणगुणा, मग पेटीला हात लावा. उलट केलंत तर पेटीचा पहिलाच स्वर कानातला स्वर पुसून टाकतो. ध्वनिमुद्रणाखाली तानपुरा चालू ठेवून शोधण्याचा मोह होईल, तो आवरा. सतत वाजणारा तानपुरा कोणत्याही संगीतावर आपलं केंद्र लादतो, आणि मग सगळी सिंफनी पांढरी दोनमध्ये असल्याचा साक्षात्कार होतो.

सर्वांत जास्त चूक पंचमाची होते. टिंपनीचा किंवा डबल बेसचा पंचम ठळक असेल तर तोच षड्ज वाटतो. तपासायची युक्ती अशी: सापडलेल्या स्वराला सा मानून वरचा प गा, आणि मग त्याच स्वराला प मानून खालचा सा गा. ज्यात मुद्रणातला पुढचा क्षण अधिक नीट बसतो, तो खरा. दोन्ही बसत असतील तर खात्रीच्या रकान्यात १ लिहून पुढे जा. तिसऱ्या फेरीत उलगडा होतो.

दुसरी चूक जोराची. वाद्यवृंद कडाडून वाजला म्हणजे केंद्र आलं असं होत नाही. मोठ्या आवाजाच्या पुढची दोन-तीन सेकंदं ऐका: खाली काय शिल्लक राहिलं? जे राहिलं ते लिहा.

तक्ता भरला की स्वर क्रमाने एका रेषेवर मांडा. सरावाच्या ओळीतल्या डी-जी शार्पप्रमाणे दोनच स्वर पुन्हा पुन्हा येतात का? एक स्वर गेला की दुसरा लगेच येतो, की मध्ये बिनखर्जाचा पट्टा असतो? तो पट्टा रिकामा सोडा, त्याला स्वराचं नाव देऊ नका. शेवटी कोण जिंकतो, आणि तोच सुरुवातीलाही होता का? या प्रश्नांची उत्तरं मिळाली की त्या सिंफनीतली टोनॅलिटी तुमच्या हातात आली, मग एखादी चाल आठवो न आठवो.

शोर्शा बॉडली: हाच तक्ता, दुसरा स्वभाव

किन्सेलांच्याच पिढीतले शोर्शा बॉडली (१९३३–२०२३) जोडीला घेतले तर फरक उठून दिसतो. श्टुटगार्टमध्ये योहान नेपोमुक डाविड यांच्याकडे शिक्षण, १९६०च्या दशकात जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या नवसंगीताचा सहवास, आणि १९७०च्या दशकात आयरिश पारंपरिक संगीताकडे वळण. १९७५ची 'अ स्मॉल व्हाइट क्लाउड ड्रिफ्ट्स ओव्हर आयर्लंड' ही वाद्यवृंदकृती ऐका: पारंपरिक वळणाच्या धुना आणि स्वरांचे दाट पुंजके तिथे शेजारी-शेजारी ठेवले आहेत. त्यांची तिसरी सिंफनी 'क्योल' ९ सप्टेंबर १९८१ला डब्लिनच्या नॅशनल कॉन्सर्ट हॉलच्या उद्घाटनासाठी होती.

बॉडलींसाठी तक्त्यात सहावा रकाना घाला: केंद्र धुनेमुळे की खर्जामुळे? १९७५च्या कृतीत पुष्कळदा उत्तर 'धुनेमुळे' येईल. धून थांबली की केंद्रही जातं. एकाच देशातले, एका वर्षाच्या अंतराने जन्मलेले दोन संगीतकार टोनॅलिटीकडे किती वेगळ्या दारांनी आले हे या एका रकान्यात दिसतं. 'आयरिश म्हणजे लोकधून' हे सरसकट विधान किन्सेलांना लागू पडत नाही.

स्कोअर मिळाला तर

डब्लिनचं कंटेम्पररी म्युझिक सेंटर आयरिश संगीतकारांचे स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं एकत्र लिहिलेलं स्वरलेखन, सांभाळतं. तिथल्या कॅटलॉगमध्ये कृतीचं वर्ष आणि वाद्यसंख्या पाहा, मग प्रतीसाठी विचारणा करा.

स्कोअर वरून खाली वाचायची सवय मोडा, तळापासून वर वाचा. डबल बेस आणि कॉन्ट्राबसून लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतात. एफमधला हॉर्न लिहिल्यापेक्षा पंचमाइतका खाली, बी फ्लॅट क्लॅरिनेट एक पूर्णस्वर खाली, ए क्लॅरिनेट तीन अर्धस्वर खाली. पहिल्या पानावर 'स्कोअर इन सी' असं छापलेलं असेल तर हॉर्न आणि क्लॅरिनेटसाठी हे बदल करायचे नाहीत, सप्तकाचा नियम मात्र तसाच राहतो. हे न पाहिल्यामुळे हॉर्नसाठी लिहिलेला पांढरी पाच पांढरी एक म्हणून वाजायला हवा तो पाचच समजला जातो आणि सगळा तक्ता पंचमाने सरकतो.

मग वजन काढा. वीस-वीस बारचे (बार म्हणजे उभ्या रेषांमधला एक तालखंड) तुकडे करा. ४/४ असेल तर एका तुकड्यात ८० मात्रा. प्रत्येक मात्रेला सर्वांत खाली कोणता स्वर आहे ते खुणेने मोजा. एखाद्या स्वराच्या ४०हून जास्त मात्रा भरल्या तर तो उमेदवार. तोच स्वर वाक्यांच्या शेवटांनाही येत असेल तर पक्का. दोन स्वरांच्या प्रत्येकी ३०च्या आसपास मात्रा भरत असतील तर तिथे द्वैत चालू आहे, जबरदस्तीने एक निवडू नका. ध्वनिमुद्रणावरचा तक्ता आणि हा हिशेब जुळले नाहीत तर आधी ताल तपासा: मध्येच ३/४ किंवा ५/४ झालं आणि लक्षात आलं नाही, असं बहुतेक वेळा निघतं.

मोजणी सुरुवातीपासून करू नका. शेवटचा तुकडा आधी घ्या, कारण तिथला खर्ज सहसा सर्वांत निःसंदिग्ध असतो. मग पहिला तुकडा. या दोघांतलं अंतर काढा: शून्य, मध्यम-पंचमाचं, की तीव्र मध्यमाचं? त्यानंतरच मधल्या तुकड्यांना हात घाला, आणि तेही जिथे खर्ज बदलतो त्या बारच्या आगेमागे दहा-दहा बार घेऊन. वरच्या वाद्यांनी केंद्र आधी सोडलं की खर्जाने, हे तिथे बार मोजून सांगता येतं.